आभाळातून पडलेलं जातं

आमच्या जुन्या घरातल्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक होता, भवानीचा होता, अन्नपूर्णा होती, रांगता बाळकृष्ण होता. आणि त्या सगळ्यांच्या कडेला पंखांची देवी होती. रुपयापेक्षा मोठी गोल चकती, वर अडकवायची कडी, रंग पितळेसारखा. चकतीवर एक बाई उभी. एक हात लांब केलेला, दुसऱ्या हातात झाडाची डहाळी आणि पाठीला पंख. आजी बाकीच्या देवांबरोबर तिलाही रोज हळदकुंकू लावायची, दसऱ्याला झेंडू वाहायची. ही कुठली देवी, असं मी विचारलं की म्हणायची, “बसऱ्याची. तुझ्या पणज्याबरोबर आली.”

सातारा आणि कऱ्हाडच्या मधल्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ‘बसरा’ हा शब्द नवा नाही. आमच्याकडं घराआड एक तरी माणूस बसऱ्याला जाऊन आलेला, नाहीतर गेला तो तिकडचाच झालेला. आमच्या पणजोबांना तर सगळा गाव ‘बसरेआबा’च म्हणायचा. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या जन्माच्या सात-आठ वर्षं आधी ते गेले. मला त्यांची जी ओळख आहे ती आजीच्या तोंडून, आणि आजी म्हणजे त्यांची सून. ती त्यांना ‘मामंजी’ म्हणायची. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देण्याचे ते दिवस. त्यामुळं आबांच्या गोष्टी तिला कुणी समोर बसवून सांगितल्या नव्हत्या. आबा ओसरीवर नातवंडांना सांगत आणि ही आत जात्यावर बसून ऐकत असे. जात्याच्या घरघरीत जेवढं कानावर पडलं तेवढं तिनं धरून ठेवलं. मधलं काही निसटलं असणार. तिनं पुढं मला सांगितलं, तेव्हा मीही अर्धी झोपेत असायची.

त्या गोष्टींतली सगळ्यात लाडकी गोष्ट जात्याची. आबा सांगायचे, आम्ही तिकडं अडकलो होतो, चहूबाजूंनी तुर्क, घरात जव होतं पण दळायला काही नाही. मग एक दिवस आभाळातनं जातं पडलं.

ही गोष्ट आली की ओसरीवर हशा पिकायचा. गावात विमान कुणी पाहिलेलं नव्हतं. माझे वडील तेव्हा लहान. त्यांच्या वयाची पोरं आबांच्या मागं लागायची, “आबा, जातं पडलं तर खुंटा मोडला का हो?” आबा एकदा भयंकर चिडले आणि आठ दिवस ओसरीवर बसलेच नाहीत, असं आजी सांगायची. नंतरही ती गोष्ट त्यांनी सोडली नाही, पण सांगताना आवाज खाली गेला. वडील मोठे झाले, शिकले, शिक्षक झाले. त्यांचं मत असं की कैदेत माणसाचे फार हाल झाले म्हणजे मन असं काहीबाही रचतं. आजीला हे पटायचं नाही. “मामंजी भ्रमिष्ट नव्हतं, बये. म्हातारं मरंपत्तुर सावकाराचा हिशेब तोंडावर करायचं.”

मी नोकरीतून मोकळी झाले, आई-वडील दोघंही गेले होते, आणि घराच्या वाटण्यांत देव्हारा माझ्याकडं आला. देव उजळायला काढले. पंखांची देवी चिंचेत घातली. पन्नास-साठ वर्षांचं कुंकू आणि तेल तिच्यावर बसलेलं. पुढची बाजू लखलखीत निघाली, मागं पानांच्या वेढ्यात इंग्रजी अक्षरं दिसली, १९१४ आणि १९१९ ही सालं दिसली. पुसताना अंगठा तिच्या काठावरून फिरला आणि काहीतरी खरखरीत लागलं. खिडकीशी नेऊन पाहिलं, तर त्या बारीकशा काठावर कोरलेली अक्षरं होती आणि खोबणींत लाल कुंकू तसंच राहिलेलं. पिवळ्या धातूवर लाल अक्षरं. चष्मा न लावता वाचता आली. आधी एक क्रमांक, मग शिपाई हा हुद्दा, मग आबांचं नाव, तेही घरी कुणी कधी न उच्चारलेलं, पाळण्यातलं, आणि शेवटी १०३ हा आकडा आणि मराठा पलटणीची खूण.

त्या दिवशी दुपारचा स्वयंपाक राहिला.

पहिल्या महायुद्धात जे लढले त्यांना सरकारनं पदकं दिली, त्यांतलं हे विजयपदक. त्याच्या जोडीला एक चांदीचं पदकही बहुतेकांना मिळालं. शिपायाला चांदीचं, आणि खेचरं हाकणारे, पाणी वाहणारे, स्वयंपाकी अशा बिनलढाऊ माणसांना काशाचं. आबांचं चांदीचं कुठं गेलं, हे मला वडिलांनीच सांगितलेलं होतं. त्यांच्या बारशाला आबांनी ते सोनाराला दिलं आणि त्याचे वाळे करून नातवाच्या पायांत घातले. पुढं ते वाळे माझ्या आत्याच्या, मग माझ्या, मग धाकट्या भावाच्या पायांत आले. किती घरांतली पदकं अशी मुलांच्या पायांत रुणझुणली असतील! काठावरचं नाव त्याबरोबर वितळलं, पण मला त्याचं वाईट वाटत नाही.

नाव आणि क्रमांक हाती आल्यावर मी बेळगावला गेले. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तिथं १९२२ पासून आहे. आमच्याकडच्या पोरांना ‘बेळगावला गेला’ म्हटलं की बाकी काही सांगावं लागत नाही. तिथल्या एका निवृत्त सुभेदारांनी मला बसवून घेतलं, चहा पाजला आणि माझ्या आजीचं एक वाक्य मला उलगडून दिलं. आजी नेहमी म्हणायची, मामंजी ‘जंगी पलटणीत’ होते. आम्ही समजत आलो की जंगी म्हणजे मोठी, दांडगी. सुभेदार म्हणाले, “ताई, जंगी पलटण हे नावच आहे. आजची आमची पहिली बटालियन. तीच पूर्वीची १०३.” १९२२ साली पलटणींची फेररचना झाली, तेव्हा १०३ क्रमांकाची पहिली झाली, १०५ ची दुसरी झाली, तिला काळी पाचवी म्हणतात. आजीला १०३ हा आकडा माहीत नव्हता. काठावर ‘जंगी’ लिहिलेलं नव्हतं. दोन्ही एकत्र आले तेव्हा ते एकाच माणसाचं झालं.

आबांचा शीटरोल मात्र मिळाला नाही. शीटरोल म्हणजे शिपायाच्या नोकरीचं पान: गाव, बापाचं नाव, उंची, अंगावरची खूण, भरतीची तारीख. ते पान असतं तर आबांची उंची मला कळली असती. आजी म्हणायची, दारातून येताना वाकायचे. पण आमचं दारच बुटकं होतं.

मग मी पलटणीमागून चालायचं ठरवलं. माणसाचा कागद नसला तरी पलटणीचा असतो. लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पलटणींच्या रोजनिशा आहेत, ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दप्तर आहे, दिल्लीला आपलं अभिलेखागार आहे, आणि बसऱ्याकडच्या मोहिमेवर छापील पुस्तकंही बरीच आहेत. भाच्यानं काही मिळवून दिली, काही मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. हळूहळू आबांची वाट दिसायला लागली.

आबांची पलटण ज्या सैन्यात होती त्याचं नाव सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. शिपायाचा पगार तेव्हा महिन्याला अकरा रुपये. नोव्हेंबर १९१४ मध्ये फौजा इराणच्या आखाताच्या टोकाशी फाव बंदराला उतरल्या आणि त्याच महिन्यात बसरा घेतलं. पुढं टायग्रिस नदीच्या काठाकाठानं सैन्य वर सरकत राहिलं. या नदीला तिकडचे लोक दजला म्हणतात. जनरल टाउनशेंड सेनापती. बगदाद टप्प्यात आल्यासारखं वाटत होतं. २२ नोव्हेंबर १९१५ ला टेसिफॉन इथं, म्हणजे बगदादच्या अलीकडं, मोठी लढाई झाली, माणसं फार पडली आणि सैन्य माघारी फिरलं. दजलेच्या एका वळणावर कूत-अल-अमारा नावाचं चिखलमातीच्या घरांचं गाव होतं. तिथं ते थांबलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्कांनी गावाला वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ पर्यंत तो उठला नाही.

आबांचं ‘अडकलो होतो’ ते हे. जवळजवळ पाच महिने.

मी वाचत होते आणि एका पानावर थांबले. जानेवारीत गावातल्या घरांची झडती घेतली, तेव्हा लपवलेलं धान्य सापडलं. धान्य होतं, पण एवढ्या हजारो माणसांपुरतं दळायची सोय नव्हती. तेव्हा बिनतारी संदेश पाठवून दगड मागवले, आणि विमानांनी ते कूतवर टाकले. जात्याचे दगड, आभाळातून.

मी पुस्तक मिटलं आणि देवघरात जाऊन बसले. वडील असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं. आजी असती तर तिला काही वाचून दाखवायची गरजच नव्हती, तिला माहीत होतं.

त्यानंतर आबांची एकेक सवय मला नव्यानं दिसायला लागली. त्यांच्या ताटात रोज काहीतरी हिरवं लागायचं. पाथरी, घोळ, चिवळ, तांदुळजा, काही नसलं तर हरभऱ्याचा पाला. कोरड्यासाबरोबर नुसती भाकरी वाढली की ताट सरकवायचे. आजीला नवी सून असताना वाटायचं, म्हाताऱ्याचे फारच चोचले. दुष्काळी वर्षी आत्याबाई, म्हणजे माझी पणजी, ओढ्याकाठानं मैलभर फिरून पाला खुडून आणायची आणि एका शब्दानं कुरकुरायची नाही. कूतमध्ये भाजी संपली तेव्हा शिपायांना स्कर्व्ही झाली. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, जुन्या जखमा उघडायच्या. माणसं काठावरचं रानगवत खुडून शिजवायला लागली, आणि त्यांतल्या काही विषारी निघालेल्या पाल्यानं माणसं दगावली. आबांना बत्तिशी नव्हती. आजी सांगायची, मामंजी तरुणपणीच बोळके झाले होते. कशानं, ते तिला ठाऊक नव्हतं.

घोड्यांचं सांगायला मला थोडं जड जातं. कूतमध्ये दाणागोटा संपला तेव्हा घोडी आणि खेचरं मारून त्यांचं मांस वाटायला लागले. गोऱ्या शिपायांनी खाल्लं. आपल्या लोकांनी, हिंदूंनीही आणि मुसलमानांनीही, आठवडेच्या आठवडे नकार दिला. गावी परत गेल्यावर जातीत घेणार नाहीत, पोरींची लग्नं होणार नाहीत, ही भीती होती. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांची परवानगी बिनतारी संदेशानं आली, तरी बरेच जण एप्रिल लागेपर्यंत हलले नाहीत. मग भूक फार झाली आणि पुष्कळांनी खाल्लं. आबांनी खाल्लं का? आमच्या घरात यावर दोन तट होते. धाकटे चुलत आजोबा म्हणायचे, खाल्लं नसतं तर परत कसे आले असते? आजी म्हणायची, विचारणारे तुम्ही कोण?

मला एवढंच ठाऊक आहे. पालीच्या खंडोबाची पौषातली यात्रा आमच्या घरची. आबा दरवर्षी पायी जायचे. खंडोबाचा घोडा आला की सगळे पुढं घुसून त्याच्या पायाला हात लावायचे. आबा मागं उभे राहायचे, जोडे काढून, पटका काढून, घोडा दिसेनासा होईपर्यंत. आणि घोड्याच्या टांग्यात ते कधी बसले नाहीत. कऱ्हाडला जायचं तर चालत.

वेढा फोडायला खालून सैन्य येत होतं. त्या चार महिन्यांच्या प्रयत्नांत २३,००० च्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, आणि तरी कूत दूरच राहिलं. शेवटच्या पंधरवड्यात विमानांतून पिठाची पोती टाकली. काही दजलेत पडली, काही तुर्कांच्या हाती गेली. २७० टन रसद घेऊन जुलनार नावाची आगबोट रात्री निघाली, तीही पकडली गेली. आपल्या तोफा आपल्याच हातांनी फोडून २९ एप्रिलला सैन्यानं शस्त्रं ठेवली. १३,००० च्या घरात माणसं कैद झाली. सेनापतींना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात ठेवलं. त्यांचा स्पॉट नावाचा कुत्रा होता, तो सुखरूप इंग्लंडला पोचवला. शिपाई बगदाद, मोसुलवरून वाळवंटातून चालत निघाले. किती तरी वाटेतच पडले. उरले त्यांना रास-अल-ऐन भागात बगदाद रेल्वेच्या रुळांवर जुंपलं.

या चालण्याबद्दल आबा काहीही बोलत नसत. फक्त एक होतं. दारात कुणीही आला, फकीर, जोशी, डोंबारी, वाट चुकलेला माणूस, त्याला आधी पाणी द्यायचं, मग नाव विचारायचं. पाण्याआधी नाव विचारलं म्हणून त्यांनी मोठ्या मुलाच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, मुस्काटात मारली होती. तेव्हा आजोबांना मिसरूड फुटलेली होती. आमच्या घरात आजही पाणी आधी येतं.

इकडं गावात काय चाललं होतं ते कुठल्याच दप्तरात नाही. ते पणजीनं आजीला सांगितलं आणि आजीनं मला. आबा गेले तेव्हा पणजीच्या पोटात मूल होतं. पाठीमागं मुलगी झाली. सरकारी कागद आला, तो तलाठ्यानं वाचला आणि सांगितलं, पत्ता नाही. भावकी म्हणाली, वर्ष झालं, बांगड्या उतरव. पणजीनं उतरवल्या नाहीत. ती पालीला गेली आणि खंडोबाला म्हणाली, तू सांगितलंस तर उतरवीन. काय सांगणार तो बिचारा देव! तीन वर्षं तिनं कुंकू लावलं आणि हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही. १९१८ च्या पावसाळ्यानंतर मानमोडी आली. सगळ्या जगभर पसरलेली ती तापाची साथ, आमच्याकडं तिचं नाव मानमोडी. गावात रोज चार-पाच तिरड्या. त्यात ती मुलगी गेली. चार वर्षांची असेल, किंवा थोडी लहान. तिचं नाव आजीलाही माहीत नव्हतं. आत्याबाई ते घेत नसत.

ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस तुर्कांशी युद्धबंदी झाली, कैदी सुटले. आबा १९१९ मध्ये परतले, उन्हाळ्यात. पणजी ओढ्यावर धुणं धूत होती. कुणीतरी धावत सांगत आलं. ती म्हणे उठली नाही, हातातलं लुगडं पिळून झाल्यावरच उठली. आबांनी घरात पाऊल टाकल्यावर पहिलं काय विचारलं असेल, याचा मी फार विचार करते. पत्र पोचलं असेल तर त्यांना मूल झाल्याचं ठाऊक असणार. पोचलं नसेल तर विचारायलाच काही नव्हतं. आजीनं एवढंच सांगितलं की त्यांच्या गाठोड्यात खजूर होता, आणि तो पुढं कुणी खाल्ला नाही.

आमच्या भागातल्या कित्येक गावांत चावडीजवळ किंवा देवळाच्या भिंतीत एक पांढरी फरशी बसवलेली असते. या गावातून इतके महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर. नुसते आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात, ज्याला सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणतात, ४६ हा आकडा आहे. बसऱ्याला १९१४ ते १९२१ मध्ये त्या मुलखात, म्हणजे मेसोपोटेमियात, मेलेल्या आणि थडगं नसलेल्या ४०,५०० च्या वर सैनिकांचं स्मारक आहे. तिथं गोऱ्या अधिकाऱ्यांची आणि शिपायांची नावं दगडात कोरली. आपल्या सुभेदार-जमादारांची कोरली. आपल्या साध्या शिपायांचे फक्त पलटणवार आकडे घातले. मला हे वाचल्यापासून राग आहे आणि तो जात नाही. कुत्र्याचंही नाव पुस्तकांत आहे. कूतच्या खंदकात आबांच्या शेजारी जो झोपायचा, ज्याच्याबरोबर त्यांनी त्या आभाळातल्या जात्यावर दळलं असेल, तो तिकडंच राहिला असेल तर दगडावर तो एका आकड्यातला एक आहे. मी ही मंडळी बेवारस समजत नाही. त्यांचीही कुठंतरी एक आजी असणार, जात्यावर बसून ऐकणारी.

आमचं जातं मी वाटण्यांत मागून घेतलं. आता त्यावर काही दळत नाही, गिरणी गल्लीच्या टोकाला आहे. नातीच्या बारशाला मात्र त्याची पूजा केली, मूठभर जव घातलं आणि दोन फेरे फिरवले. तेव्हा तिला उद्देशून सगळ्यांदेखत ती गोष्ट सांगितली, जशी आबा सांगायचे तशीच: चहूबाजूंनी तुर्क, घरात जव होतं पण दळायला काही नाही, मग एक दिवस आभाळातनं जातं पडलं. कुणी हसलं नाही.

तुमच्या देव्हाऱ्यात, ट्रंकेत, आईच्या बटव्यात अशी पंखांची देवी असेल तर ती उजळायला देण्याआधी तिच्या काठावरून एकदा अंगठा फिरवा. खरखरीत लागलं तर उजेडात न्या, रांगोळीची चिमूट चोळा आणि नाव वाचा. ते मोठ्यानं वाचा, आणि घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे कोण होते.